गोष्टीतल्या सिंहाची प्रार्थना करावी काय?

गेल्या उन्हाळ्यात अचलपूर व अंजनगाव ह्यांच्यामध्ये, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या एका लहान मंडळीत मुलांचा सुट्टीतील शास्त्रवर्ग घेण्यासाठी माझे जाणे झाले. मुले वीस-बावीस होती. सकाळी शास्त्रपाठ व वचने आणि सायंकाळी ऊन उतरल्यावर कडुनिंबाखाली गोष्ट, असा पाच दिवसांचा क्रम ठरला होता. गोष्ट कोणती सांगावी ह्याचा मी फारसा विचार केला नव्हता. दोन-तीन मुलांनी एका सिंहाचा चित्रपट थोरल्या भावाच्या मोबाईलवर पाहिला होता व ती त्याच गोष्टीचा हट्ट धरून बसली. ते पुस्तक मी वाचलेले होते, आणि त्यात आपल्या प्रभूच्या मरणाचे व पुनरुत्थानाचे प्रतिबिंब आहे हेही मला ठाऊक होते. तेव्हा मोठ्या हौसेने मी ती सांगावयास घेतली.

ज्या वाचकांस ती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. सी. एस. लुईस नावाचे एक विद्वान गृहस्थ १८९८ साली आयर्लंडातील बेलफास्ट शहरी जन्मले. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती विश्वास सोडला होता. ऑक्सफर्ड येथे अध्यापन करीत असता १९३१ साली ते पुन्हा त्या विश्वासाकडे वळले. १९५० पासून १९५६ पर्यंत त्यांची मुलांसाठी लिहिलेली सात पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांपैकी पहिल्यात चार भावंडे एका कपाटातून नार्निया नावाच्या अद्भुत देशात जातात. तेथे एका दुष्ट गोऱ्या राणीने जादूने अखंड हिवाळा करून ठेवला आहे. धाकटा भाऊ एडमंड तिच्या मिठाईस भुलून आपल्याच भावंडांचा घात करावयास निघतो. पुरातन नियमाप्रमाणे घातकी माणसाचा जीव त्या राणीच्या मालकीचा होतो. तेव्हा अस्लान नावाचा सिंह, जो त्या देशाचा खरा स्वामी आहे, एडमंडाच्या बदली दगडी मेजावर आपला प्राण देतो आणि पहाटे जिवंत होऊन उठतो. मेज दुभंगते, आणि बर्फ तर त्याच्या नुसत्या येण्याच्या चाहुलीनेच वितळू लागलेले असते.

तिसऱ्या सायंकाळी मी सिंहाचे मरण व उठणे सांगितले. मुले अगदी स्तब्ध होती. तो क्षण साधावा असे मला वाटले आणि मी म्हणालो, "मुलांनो, हा सिंह म्हणजेच आपला प्रभू येशू." मला वाटले, पाठ उत्तम झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजी आपल्या आठ-नऊ वर्षांच्या नातीचा हात धरून मजकडे आल्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, राती ह्या पोरीनं सिंहाची प्रार्थना केली. डोये मिटून म्हणते, सिंहबाप्पा, माह्या बाबाले घरी आण. देवाऱ्यातले टाक मी माह्या हातानं उचलून देल्ले. गावानं वाईट म्हटलं, माहेर तुटलं, तेही सोसलं. आन आता तुमी माह्या नातीले वाघोबा पुजाले शिकवून राह्यले काय?"

मजजवळ तेव्हा उत्तर नव्हते. पुढे पुष्कळ दिवस हा प्रश्न मनात घोळत राहिला, आणि जे काही थोडे उमगले ते येथे मांडतो. मंडळ्यांतून मुलांस गोष्टी सांगण्याचे काम आपण सारेच उपदेशक करतो, व माझ्यासारखी चूक आणखी कोणाच्या हातून झाली नसेलच असे नाही.

कित्येक बंधू अशा वेळी एकदम म्हणतात की, कल्पित गोष्ट ही मुळातच असत्य आहे, ती ख्रिस्ती मुलांस सांगूच नये. हे मत मला पटत नाही. प्रत्यक्ष पवित्र शास्त्रात बोलणारी झाडे आहेत. शास्ते ह्या पुस्तकाच्या ९व्या अध्यायात योथाम गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर उभा राहून शखेमाच्या लोकांस गोष्ट सांगतो. झाडे आपणांस राजा करावयास निघतात. जैतून, अंजीर व द्राक्षवेल नाही म्हणतात, आणि शेवटी काटेरी झुडूप राज्य करावयास कबूल होते. अबीमलेखाच्या राज्याविषयी ह्याहून नेमके कोण बोलू शकला असता? नाथान संदेष्ट्याने दावीदास गरीब माणसाच्या मेंढीची गोष्ट सांगितली ती तर अशी बेताची होती की राजास ती घडलेलीच वाटली, आणि त्याने रागाने निवाडा दिला तो त्याच्याच अंगावर आला. लबाडीत ऐकणाऱ्यास फसवून त्याचे काही हिरावून घ्यावयाचे असते. नाथानाने दावीदास क्षणभर चकविले ते त्याचे डोळे उघडण्यासाठी.

जॉन बन्यनाचा यात्रिक आपणां मराठी ख्रिस्ती लोकांस फार जुन्या काळापासून परिचित आहे. मूळ पुस्तक १६७८ सालचे. हरि केशवजी ह्यांनी केलेले त्याचे मराठी रूप 'यात्रिकक्रमण' ह्या नावाने १८४१ साली निघाले. बन्यनावरही त्याच्या काळच्या धर्मनिष्ठ लोकांनी हाच आक्षेप घेतला होता की हे सर्व रचलेले आहे. त्याने पुस्तकाच्या आरंभी पद्यात त्यास उत्तर दिले, आणि संदेष्टे, प्रेषित व स्वतः प्रभू ह्यांनी छाया व दृष्टांत ह्यांतूनच सत्य सांगितल्याचा दाखला दिला. पुढे १८७३ साली अमेरिकन मराठी मिशनने 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक काढले तेव्हा मराठी मुलांस गोष्टींतून बोध द्यावा हेच मिशनऱ्यांसही योग्य वाटले. म्हणून गोष्ट सांगावी की नाही हा वाद मी बाजूला ठेवतो.

परंतु आजींच्या बोलण्यात असत्याची तक्रार नव्हतीच. गोष्ट खोटी आहे असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांच्या घरी चिऊकाऊची गोष्ट रोज होते. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते व चिमणीचे मेणाचे घर राहते, ही गोष्ट आपल्या भाषेत किती जुनी आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लिहिलेल्या लीळाचरित्रात ती आहे. त्या ग्रंथाचा संबंध ज्या ऋद्धिपुराशी आहे ते आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे. तेथे नुकतेच मराठी भाषेचे विद्यापीठही स्थापन झाले आहे. सातशे वर्षे वऱ्हाडातील लेकरे ती गोष्ट ऐकत आली. त्यांतील एकाही लेकराने रात्री चिमणीची प्रार्थना केली नसेल. मग सिंहाचीच का केली?

माझ्या मते त्याचे कारण असे. चिऊकाऊची गोष्ट मुलाकडून हसू मागते, थोडी दया मागते, ह्याहून अधिक काही मागत नाही. सिंहाची गोष्ट मुलाकडून भरवसा मागते. जो दुसऱ्यासाठी मेला व उठला त्याच्यावर जीव टाकावा असे ती आतून सांगते, आणि ती चांगली सांगितली गेली तर मूल खरोखरच जीव टाकते. ज्या मुलीचा बाप दोन वर्षांमागे वाटणीचे शेत विकून घर सोडून गेला आहे तिने अशा सिंहाकडे बाप मागितला ह्यात नवल ते काय? गोष्टीत बळ होते म्हणूनच ती धोक्याची झाली.

आता हा धोका मूर्तीचा आहे काय? ह्या प्रश्नाची गंमत, किंवा खंत म्हणा, अशी की लुईस ह्यांच्या हयातीतच तो त्यांच्यापुढे आला होता. १९५५ साली अमेरिकेतील एका आईने त्यांस कळविले की आपला नऊ वर्षांचा मुलगा दुःखी आहे, कारण आपले प्रेम येशूपेक्षा अस्लानावर अधिक आहे अशी त्यास भीती वाटते, व ही मूर्तिपूजा तर होत नाही ना, असे तो विचारतो. लुईस ह्यांनी त्वरित उत्तर पाठविले. त्याचा आशय असा की, अस्लानाच्या ज्या कृतींवर व शब्दांवर मुलाचे प्रेम बसले आहे त्या सर्व कृती व शब्द वास्तविक येशूचेच आहेत, म्हणून मुलास अस्लान प्रिय वाटतो तेव्हा कदाचित् तो येशूवरच पूर्वी कधी केली नाही इतकी प्रीती करीत असेल. सिंहाच्या शरीराचे, आयाळीचे जे आकर्षण लहान मुलास वाटते ते देवानेच मुलाच्या मनात घातले आहे, आणि मूल वाढेल तसे ते गळून पडेल. पुढे त्यांनी मुलाने करावयाची एक लहानशी प्रार्थनाही सुचविली. तिच्यात अशी विनंती होती की, लेखकाने आपल्या पुस्तकांनी आणखी कोणा मुलास चिंतेत पाडले असेल किंवा त्याचे काही वाईट केले असेल तर त्याची क्षमा व्हावी. एवढा मोठा पंडित, आणि नऊ वर्षांच्या पोराकडून आपल्यासाठी क्षमा मागवितो! हे वाचल्यावर माझ्या मनातील त्यांच्याविषयीचा आदर दुणावला.

तरी हे उत्तर आमच्या आजींस पुरेसे झाले असते असे मला वाटत नाही. तो अमेरिकेतील मुलगा अशा घरातला होता जेथे देव्हारा कधी नव्हताच. आजींचा देव्हारा त्यांच्या आठवणीत अजून आहे. त्याची भिंतीतली रिकामी जागा मी पाहिली, तेथे आता शास्त्र ठेवलेले असते. असे ज्यांचे जीवन झाले त्यांच्या भीतीस भोळेपणा म्हणून हसू नये. शास्त्रही त्यांच्या बाजूने बोलते. रानात विषारी सर्प चावून लोक मरू लागले तेव्हा मोशेने देवाच्याच आज्ञेने पितळेचा सर्प करून काठीवर लावला, व त्याकडे पाहणारे वाचले. स्वतः प्रभूने योहानाच्या शुभवर्तमानाच्या ३ऱ्या अध्यायात तो आपल्या वधस्तंभाची खूण म्हणून सांगितला. ह्याहून पवित्र प्रतीक कोणते असणार? परंतु दुसऱ्या राजांच्या १८व्या अध्यायात आपण वाचतो की हिज्कीया राजाने तोच सर्प फोडून टाकला, कारण इस्राएल लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. देवाने दिलेली खूणसुद्धा मूर्ती होऊ शकते. मग ऑक्सफर्डच्या एका शिक्षकाने रचलेल्या सिंहाची काय कथा!

आपल्याकडे हे कसे घडते ते सर्वांनी पाहिले आहे. सडकेच्या कडेस मैलाचा दगड असतो. अमरावती इतकी दूर, अकोला इतके दूर, एवढेच सांगण्यास तो तेथे पुरलेला. कोणी एके दिवशी त्यास शेंदूर लावतो, दुसरा नारळ फोडतो, आणि वर्षभरात त्यावर छप्पर चढते. दगड तोच, जागा तीच. परंतु शेंदराखाली आकडा दिसेनासा होतो आणि अमरावतीस निघालेला माणूस तेथेच थांबतो.

मी मुलांस म्हणालो, "सिंह म्हणजेच येशू." तो शेंदूर मीच लावला. मुलीने केवळ माझ्या वाक्याचा सरळ अर्थ घेतला. सिंह म्हणजेच येशू असेल तर येशूस जी प्रार्थना करावयाची ती सिंहास का करू नये? तिच्या तर्कात चूक काढता येत नाही.

लुईस ह्यांनी स्वतः असे कधी म्हटले नाही. अस्लान हे बन्यनाच्या पात्रांसारखे रूपक नाही, असे त्यांनी एका पत्रात स्पष्ट केले आहे. बन्यनाचा 'निराशा' नावाचा राक्षस म्हणजे निराशाच होय. परंतु अस्लानाविषयी त्यांनी मनाशी एक प्रश्न विचारला होता: नार्नियासारखा देश खरोखर असता, आणि देवाचा पुत्र जसा आपल्या जगात मनुष्य झाला तसा त्या देशात सिंह झाला असता, तर काय घडले असते? सारी गोष्ट त्या 'असता तर' मध्ये आहे. 'म्हणजेच' आणि 'असता तर' ह्यांत अंतर फार आहे. पहिल्या शब्दाने शोध संपतो. दुसऱ्याने मुलाचे मन पुढे चालू राहते, आणि हे खरे कोठे घडले असे ते विचारू लागते. १९५२ सालच्या त्यांच्या तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी तर सिंह मुलांस सांगतो की तुमच्या जगात माझे दुसरे नाव आहे, त्या नावाने मला ओळखावयास शिका, त्यासाठीच तुम्हांस येथे आणले होते. आणि तत्पूर्वी तो सिंह म्हणून दिसतच नाही, किनाऱ्यावर विस्तवावर मासे भाजून न्याहारीस बोलाविणारे कोकरू म्हणून दिसतो. ज्यांनी योहानाचा २१वा अध्याय वाचला आहे त्यांस ती न्याहारी ओळखावयास वेळ लागणार नाही. मूर्ती कधी आपल्या भक्तास दुसरीकडे जा म्हणत नाही. हा सिंह म्हणतो. मी मात्र पहिल्याच पुस्तकाच्या तिसऱ्या दिवशी त्यास शेंदूर फासून बसविले.

मग अर्थ सांगावाच नाही काय? महानुभावांचा केसोबासांनी रचलेला दृष्टांतपाठ पाहिला तर तेथे तीन भाग असतात: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. आंधळ्यांनी हत्ती चाचपला ही कथा दृष्टांत, व ती कशास लागू करावयाची ते सांगणारे दार्ष्टांतिक. ह्या मातीतल्या उपदेशाची ही रीत जुनी आहे आणि आपल्या कीर्तनांतही ती शिरली आहे; म्हणून गोष्ट संपताच अर्थ सांगितला नाही तर आपल्याला चुकल्यासारखे वाटते. प्रभूने पेरणाऱ्याच्या दृष्टांताचा अर्थ सांगितला हे खरे, परंतु मार्काच्या ४थ्या अध्यायाप्रमाणे तो एकांती, ज्यांनी येऊन विचारले त्यांस सांगितला. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतास दार्ष्टांतिक नाहीच. "हा बाप म्हणजेच देव" असे प्रभू कोठेही म्हणत नाही. थोरला भाऊ आत गेला की बाहेरच राहिला हेसुद्धा त्याने सांगितलेले नाही. मूल विचारील तेव्हा सांगावे, आणि जेवढे विचारील तेवढेच सांगावे, असे आता मला वाटते. मुलगी मला काही विचारावयास आली नव्हती. मीच घाई केली.

दुसरी गोष्ट क्रमाची. प्रभूने मीच खरा द्राक्षवेल असे म्हटले तेव्हा एकही शिष्य वेलीपुढे वाकला नाही, कारण बोलणारा त्यांच्यासमोर उभा होता. ज्याची प्रभूशी ओळख झाली आहे त्यास प्रतीकाचे भय थोडे. लुईस ह्यांच्या देशातील मुलांस शुभवर्तमान फार ऐकून ऐकून शिळे झाले होते. देवाविषयी अमुक वाटलेच पाहिजे असा धाक लहानपणी घातला गेल्यामुळे आपल्यास काहीच वाटेनासे झाले होते, असे त्यांनी स्वतःविषयी लिहिले आहे, आणि त्या धाकाचा पहारा चुकवून आत शिरता यावे म्हणून अद्भुत कथा त्यांस उपयोगी वाटली. आपल्या ज्या घरांत विश्वास नवा आहे तेथे असा पहारा नाही. तेथे गालीलाच्या समुद्रावरचे वादळ हीच मुलांस अद्भुत कथा आहे, आणि ती घडलेली आहे. तेथे आधी ती सांगावी. मात्र १९००च्या दुष्काळानंतर ज्यांच्या घरात विश्वास आला अशा घरांतील चौथ्या-पाचव्या पिढीची मुले उपासनेत कशी जांभया देतात तेही मी पाहिले आहे. त्यांस कदाचित् सिंहच जागे करील.

ह्याहून निराळी एक अडचण आहे, आणि तिच्याविषयी उपदेशकांत कोणी बोलत नाही. प्रतीक हे झाडासारखे असते; एका मातीतून काढून दुसरीत लावले की त्याला निराळे फळ येते. मी मुलांस सांगितले की त्या देशात नेहमी हिवाळा असे, सारीकडे बर्फ पडलेले असे. मे महिना, उष्मा ४५ अंशांच्या आसपास, पत्र्याच्या छपराखाली जीव घाबरा होत असलेला. एक मुलगा आनंदाने म्हणाला, "मंग त्यायले उकडत नसन ना?" सारी मुले त्या शापित देशात जावयास एका पायावर तयार झाली! आपल्या वऱ्हाडात हिवाळा म्हणजे कापूस वेचणी, तुरीच्या शेंगा, हुरडा आणि नाताळ. इंग्लंडात जो शाप तो येथे सुकाळ. हीच गोष्ट आपल्या मुलांस सांगावयाची तर असे सांगावे की तेथे नेहमी वैशाख असे आणि मृग कधी लागतच नसे, विहिरी आटलेल्या, ढेकळे उन्हात तडकलेली. पापाचा भार उन्हाळ्याच्या रखरखाटासारखा होतो हे स्तोत्रकर्त्यानेही ३२व्या स्तोत्रात म्हटले आहे. शास्त्राचा देश ह्या बाबतीत इंग्लंडापेक्षा आपल्यास जवळचा आहे.

सिंहाचेही तसेच. सिंह आता भारतात केवळ गुजरातेत उरले आहेत. आमच्या मुलांनी तो चित्रातच पाहिलेला. त्यांच्या माहितीचा तो वाघ. मेळघाटात १९७४ साली व्याघ्रप्रकल्प झाला, परंतु वाघाची भीती व वाघाची पूजा त्याच्या किती तरी आधीची, आणि डोंगरालगतच्या कित्येक गावांच्या शिवेवर वाघदेवाचा दगड अजून आहे. आजींच्या तोंडी सिंहाचा वाघोबा झाला तो उगाच नव्हे. शास्त्रातही सिंह दोन्ही बाजूंस आहे: प्रकटीकरणाच्या ५व्या अध्यायात यहूदा वंशाचा सिंह, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात गर्जना करीत गिळावयास पाहणारा सैतान.

परंतु मला सर्वांत अधिक भय वाटते ते चेटकिणीचे. त्या गोऱ्या राणीस मराठीत चेटकीण म्हणावयाचे की काय? पुस्तकात ती उंच, सुंदर, धनवान, रथात बसणारी व मिठाई वाटणारी आहे. म्हणजे मोह जसा खरोखर असतो तशी आहे. आपल्या गावात चेटकीण म्हटले की कोणाचा चेहरा मुलांच्या डोळ्यांपुढे येतो? गावकुसाकडेच्या झोपडीत एकटी राहणाऱ्या, दात पडलेल्या विधवेचा. अशा स्त्रियांवर करणीचा आळ घालून त्यांस मारहाण झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत, आणि म्हणूनच २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. शब्बाथशाळेत ऐकलेल्या शब्दाने एखाद्या मुलाने तिच्या दारावर दगड मारला तर त्या दगडाचा हिशोब आपणांस द्यावा लागेल. मी आता तिला नुसते राणी म्हणतो.

आणि एक गोष्ट लुईस ह्यांच्याविषयी आदर ठेवूनही सांगितली पाहिजे. १९५४ व १९५६ सालच्या पुस्तकांत नार्नियाचे जे शत्रू आहेत ते सावळे आहेत, त्यांच्या डोक्यास पागोटी आहेत, हातात वाकड्या तलवारी आहेत, आणि त्यांचा ताश नावाचा देव गिधाडाच्या तोंडाचा, चार हातांचा आहे. इंग्रज मुलाने हे वाचले तर त्यास ते दूरच्या देशातले वाटेल. आपल्या मुलाने वाचले तर त्यास त्यात आपला आजोबा दिसेल. ज्या घरात अर्धी माणसे प्रभूची व अर्धी जुन्या वाटेची आहेत, एकाच ओट्यावर बसून भाकर खातात, त्या घरातील लेकरास आपण काय शिकवणार? शत्रूची खूण पागोटे? त्याच शेवटच्या पुस्तकात एमेथ नावाचा त्या लोकांतला एक प्रामाणिक शिपाई आहे, आणि त्याने ताशाच्या नावाने जी निष्ठेची सेवा केली ती अस्लान आपलीच मानून त्यास जवळ घेतो. ह्या प्रसंगावर धर्मशास्त्राच्या दृष्टीने पुष्कळांनी हरकत घेतली आहे, व त्यांची हरकत क्षुल्लक नाही. परंतु हे पुस्तक वऱ्हाडात वाचावयाचे तर एमेथास वगळून वाचू नये असे माझे मत आहे. पागोट्याचे भाग मी वगळतो.

आता त्या सकाळविषयी. मी आजींस म्हणालो, "आजी, चूक पोरीची नाही, माझी आहे. मी नीट सांगितले नाही." मुलीस तिची प्रार्थना वाया गेली असे मी सांगितले नाही. तसे मला वाटतही नव्हते. तिने बापासाठी रडून जे मागितले ते ऐकणाऱ्याने कोणत्या नावाकडे पाहिले असेल हे ठरविणारा मी कोण? एवढेच म्हणालो, "बाई, गोष्टीतल्या सिंहाला आपल्या इकडे दुसरे नाव आहे. प्रार्थना त्या नावाने करतात." तिने विचारले, "मंग त्याले राग नाही येणार?" मी म्हणालो, "कोणाला?" ती म्हणाली, "सिंहाले." मी म्हणालो, "नाही. त्यानेच सांगून ठेवले आहे." आजी काही बोलल्या नाहीत. पदर सावरून नातीस घेऊन गेल्या.

त्या सायंकाळी उरलेली गोष्ट सांगावयास बसलो तेव्हा आजी आल्या आणि मुलांच्या मागे, निंबाच्या बुंध्यास टेकून बसल्या. माझ्यावर नजर ठेवण्यासाठीच आल्या असाव्यात. मी लढाईचा भाग सांगत होतो. मुलांस तो फार आवडतो. मध्येच आजींनी हात वर केला, जसा शाळेत मुले करतात.

"मास्तर, लढाई राहू द्या. ज्या पोरानं मिठाईपायी भावंडं विकली, त्याचं काय झालं? त्याले घरात घेतलं का?"

"घेतले, आजी."

"त्याले बोल लावला कोणी?"

"नाही. सिंहाने त्याला एकीकडे नेले, दोघे दवात फिरत बोलले. काय बोलले ते कोणालाच कळले नाही. मग भावंडांकडे आणून म्हणाला, झाले गेले त्याविषयी त्याच्याशी बोलू नका."

आजी बराच वेळ नातीच्या डोक्यावरून हात फिरवीत राहिल्या. मुले लढाईसाठी चुळबुळ करू लागली.

"हं," त्या म्हणाल्या, "आता सांगा पुढं."